डी.पी. म्हणजे दगडू पाटील

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा.

डी.पी. म्हणजे दगडू पाटील! अंजूरला दामूदादांच्या ओटीवर बसून हे ऐकलं आणि तोंडातला पुरीचा घास नुसता फिरवत राहिलो. गिळवेना, थुंकवेना.

दर्शन – माझ्या वळ गावच्या गोडाउनचा सुपरवायझर, दामूदादांचा थोरला – चार वर्षं मागे लागलाय. 'काका, दसऱ्याला या, आमच्या घरची बंदूक बघा.' मला वाटलं, असेल कुठली तरी ठासणीची, चिमण्या मारायची. गेलो तर पाटावर लाल कापड, त्यावर अख्खी लष्करी रायफल! झेंडूचा हार घातलेली. शेजारी ताटात एक पितळी काडतूस, त्याच्यावर हळदकुंकवाचा इतका थर की भजीच वाटावी.

बंदूक दर दसऱ्याला ऑइलपेंटनं रंगवतात. लाकूड तपकिरी, लोखंड काळं. ऐंशी वर्षांचे थर. निशाण्या डोळ्यांना दिसेनात, म्हणून बोटांनी वाचल्या. मूठ धरतो तिथं लोखंडी कडं असतं, त्याच्यावर मुकुट. खाली जी.आर.आय., म्हणजे जॉर्ज बादशहा. त्याखाली कारखान्याचं गाव, इशापूर. मग साल – १९१८. थ्री-नॉट-थ्री, अस्सल. आणि कड्याच्या दुसऱ्या अंगाला, नंतर कुणीतरी ठोकलेली, जराशी वाकडी, मोठी दोन इंग्रजी अक्षरं. डी आणि पी.

दामूदादांनी त्यांच्यावर बोट ठेवलं. "बग शेट, नाव. माज्या आज्याचं. दगडू पाटील. गोऱ्या सायबानं सोता ठोकून दिलंय."

मग गोष्ट सांगितली. आजा कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात कामाला. कॅम्प उठला तेव्हा साहेबानं इनाम म्हणून बंदूक दिली, तीन काडतुसं दिली. दुसऱ्या वर्षी खाडीतून दरोडेखोरांची होडी आली, गावचं भात न्यायला. आजा एकटा बांधावर उभा राहिला. दोन बार काढले. होडी वळली ती वळली. तिसरं काडतूस ते हे, ताटातलं. तेव्हापासून घरातल्या थोरल्याचं नाव द वरून – दगडूचा दिनकर आधीच होता, मग दिनकरचा दामू, दामूचा दर्शन. बंदुकीवरचं नाव ज्याचं, बंदूक त्याची आणि घरात शब्दही त्याचा.

दामूदादांचा धाकटा भाऊ कुमार पायरीवर बसून पान लावत होता. मान वर न करता म्हणाला, "आमी के.पी. आमच्या वाट्याला कोयता."

"तो तरी चालव," दामूदादा म्हणाले.

सगळे हसले. कुमारही हसला, पण जरा उशिरा हसला. कान आहेत मला.

दर्शनची बायको दिपिका, नववा महिना लागलाय, आतून म्हणाली, 'काका, द वरून एखादं चांगलं नाव सांगा, आमचे सगळे द संपले.' मी आपट्याची पानं दिली, घेतली, घरी आलो. काही बोललो नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लूम बंद. भिवंडीत शुक्रवारी कानाला सुट्टी. बरं लिहिता येतं.

का बोललो नाही? कारण डी.पी. म्हणजे दगडू पाटील नाही. ड्रिल पर्पज. कवायतीची. रायफल झिजली, निकामी झाली की फौज तिला मारून टाकते. नळीला आडवं भोक पाडतात, आतल्या ठोक्याच्या पिनचं नाक कापतात, आणि अंगावर ही दोन अक्षरं ठोकतात, की बाबांनो, हिच्यात चुकूनही गोळी घालू नका. मग नवे शिपाई तिला खांद्यावर घेऊन लेफ्ट-राइट करतात. म्हणजे मढंच ते. मेल्याचा दाखला अंगावरच ठोकलेला, आणि अंजूरचे पाटील ऐंशी वर्षं त्याच दाखल्याला हार घालतायत!

काडतूसही त्याच घरचं. बुडाला ठिणगी पाडणारी टोपी नाही, आणि कुंकवाच्या थराखाली कडेला भोक लागलं बोटाला. ते काही उडायचं नाही.

भरल्या ओटीवर, सणाच्या दिवशी, ज्या माणसाचं स्वतःचं नाव त्या अक्षरावरून ठेवलंय त्याला हे कसं सांगायचं? नाही सांगितलं. आणि खरं लिहायचं तर दुसरंही होतं मनात. वाटलं, आज ना उद्या ही रायफल माझ्या भिंतीवर येईल. गप्प राहिलेलं बरं. वही आहे म्हणून लिहितो, बायकोला, रंजितालाही नाही सांगितलं.

मी मुरबाडकडचा. चौदाव्या वर्षी भिवंडीत आलो, कांडी भरायला. लूमखात्यात दहा वर्षांत माणसाचे कान जातात. माझे गेले नाहीत, उलट धार चढली. चोवीस लूम चालू असताना कुठल्या लूमचा धोटा घासतोय ते दारात उभा राहून सांगायचो. त्या कानांवर लूम दुरुस्त करणारा जॉबर झालो, मग चार लूम घेतले, मग शेड, मग गोडाउन. इंग्रजी शिकलो ते मशिनीवरच्या ओतीव अक्षरांवरून. एकदा भंगारात लूमच्या पार्टांमध्ये एका जुन्या बंदुकीची पट्टी सापडली, तिच्यावर मुकुट. कसला मुकुट म्हणून शोधायला गेलो, आणि वीस वर्षं शोधतोच आहे. आता भिंतीवर सहा आहेत. सगळ्या मेलेल्या, सगळ्यांचे कागद फाइलला. रंजिता म्हणते, माझ्या सहा सवती. त्यातली एक बनावट. सरहद्दीकडच्या लोहारांनी हातानं बनवलेली, कारखान्याच्या नावातला एन उलटा पडलाय. घेताना लक्षात आलं नाही. ती मुद्दाम देवघरासमोर टांगलीय. रोज हात जोडताना दिसते आणि डोकं जमिनीवर राहतं.

आणि एवढी अक्कल असून आज काय केलं? आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर काल मोबाइलवर काढलेला रायफलीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'अंजूरच्या एका घरात दर्शन झालं.' शायनिंग! दुसरं काही नाही.

४ ऑक्टोबर

ग्रुपवर बत्तीस अंगठे. पुण्याचे एक निवृत्त कर्नल लिहितात, 'सुंदर नमुना.' दिवसभर छाती फुगवून फिरलो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी नऊला दर्शनचा फोन. पोलीस आले, बंदूक घेऊन गेले, बाबांनाही नेलं. कुणीतरी खबर दिलीय.

कुणीतरी.

पहिलं काम काय केलं असेल, तर तो फोटो ग्रुपवरून काढला. चाळीस माणसं आहेत त्यात. कोण कुणाचा कोण, काय ठाऊक. गावाचं नाव मीच लिहून दिलं होतं!

बिनपरवाना लष्करी रायफल घरात. चालती निघाली तर जामीन विसरा, वकील म्हणाला. दामूदादा सदुसष्ट वर्षांचे. शुगर आहे. सून दिवसांवर आलेली.

रंजितानं विचारलं, 'जेवत का नाही?' म्हटलं, भूक नाही. ती म्हणाली, 'सवतींपैकी कुणी आजारी आहे का?' हसूसुद्धा आलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून पोलीस स्टेशनात. लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

सब-इन्स्पेक्टर बाई आहेत. वयानं लहान, बोलायला सरळ. टेबलावर रायफल, कापडात गुंडाळलेली. कोपऱ्यात बाकावर दामूदादा, रात्री घरी सोडून आज पुन्हा बोलावलेले. नवा शर्ट घालून आले होते – कोर्टकचेरीला जातात तसा. दर्शन त्यांच्या बाजूला.

मॅडमनी दोनच गोष्टी विचारल्या. ही तुमची का, आणि ही चालते का. वकिलानं रात्रीच पढवून ठेवलं होतं, की काका, तुम्ही म्हणायचं जुनी आहे, पूजेची आहे, मला बाकी माहीत नाही. बास. दामूदादांनी पहिलं उत्तर बरोबर दिलं. दुसऱ्याला ताठ बसले.

"चालतं म्हंजे? दोन बार माज्या आज्यानं काढलंत. बंदूक खरी हाय. लिवा."

दर्शननं कपाळाला हात लावला. मॅडमनी लिहिलं. वर म्हणाल्या की ताब्यात घेतली तेव्हा काडतूस आत होतं, म्हणजे लोड केलेली. यावर मात्र दामूदादा खाली बघत म्हणाले, ते तिथंच असतंय. मी दसऱ्याला पाहिलं तेव्हा ते ताटात होतं. पूजा झाल्यावर आत ठेवत असतील.

मला कळून चुकलं की हा माणूस आज्याच्या अभिमानापायी स्वतःच्या हातानं आत जाणार. त्याला सोडवील अशी एकच गोष्ट आहे – खरं. आणि ते या खोलीत माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. ते सांगायचं म्हणजे चार पिढ्यांची नावं खोडायची. त्यांच्यासमोर. बाहेर घेऊन सांगू म्हटलं तर मॅडम सोडेनात.

सांगितलं. ती दोन अक्षरं नाव नाही, शिक्का आहे. कवायतीची रायफल आहे. गोळी सुटत नाही, सुटली नाही, सुटणार नाही. काडतूसही खोटं. कुंकू धुवा, कडेला भोक दिसेल.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कोण?"

"लूमवाला."

"मग लूमचं बोला."

मी परवानगी मागितली, खिशातून किल्ली काढली आणि नळीवर वाजवली. अखंड नळी घंटेसारखी लांब वाजते. ही बद्द वाजली, फुटक्या मडक्यासारखी. म्हटलं, ऐका, भोक आहे, लाकडाखाली. मॅडमनी खरंच कान दिला. मग म्हणाल्या, 'शेठ, कानावर पंचनामा होत नाही.' मुख्यालयात बंदुका तपासणारा आर्मोरर असतो, त्याच्याकडे पाठवते, तो उघडून बघेल. तोवर दामूदादांनी रोज हजेरी द्यायची. आणि दारापर्यंत सोडायला येऊन हळूच म्हणाल्या, 'मेलेली निघाली तरी प्रश्न उरतोच. सरकारी मालातून चोरलेली असली तर?'

याला उत्तर एक आहे, पण ते रंगाच्या थराखाली असेल तर.

दामूदादांकडे बघायचा धीर झाला नाही. जिना उतरताना शेजारून गेले.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी कुमार शेडवर आला. आजवर कधी आला नव्हता. लूमच्या आवाजात ओरडून बोलायची त्याला सवय नाही, म्हणून ऑफिसात घेतलं, दार लावलं.

विचारलं, "शेट, ती खरंच चालत न्हाय?"

म्हटलं, नाही.

"म्हंजे कवाच न्हाय? काडतूस घातलं तरी?"

कुठलंही घाल, म्हटलं. पिनचं नाकच कापलेलं असतं. घोडा ओढला तर नुसती टक् वाजेल. त्यावर तो खुर्चीत बसला नाही, कोसळला. तांब्याभर पाणी प्यायला. मग म्हणाला, 'दादाला सोडवा.' एवढंच. आणि गेला. त्याचा आवाज वेगळाच होता. धोटा अडकून सुटला की लूम पहिले चार फेरे घेतं, तसा.

दर्शनचा मात्र त्याच्यावरच वहीम. म्हणतो, वाटणीचं भांडण आहे ना, गोडाउनला जागा द्यायची की नाही यावरून, काकांनीच खबर दिली असणार. मी ऐकून घेतलं. तोंडाला कुलूप. फोटो माझा, नाव कुमारचं! असा कसा मी?

१३ ऑक्टोबर, सोमवार

आर्मोरर रजेवर. दामूदादांची हजेरी चालू. दर्शन सांगतो, बाबा घरी कुणाशीच बोलत नाहीत, जेवताना पाटाच्या त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसतात.

उद्या सांगतो फोटोचं. उद्या नक्की.

१४ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे दिपिकाला मुलगा झाला. आई-बाळ सुखरूप. दर्शन फोनवर रडला, मग म्हणाला, 'काका, आता द चं काय करू?' मी म्हटलं, आधी बाळाला टोपी घाल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सुटले!

आधी लिहितो आणि मग जेवतो. रंजिता ताट झाकून बसलीय, बसू दे.

अकराला मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. आर्मोरर स्वतः आला होता – टकला, शांत, नखं काळी. असा माणूस बघितला की मला घरच्यासारखं वाटतं. त्यानं रायफल उघडून आणली होती. लाकूड वेगळं, नळी वेगळी. नळीला पेन्सिल जाईल एवढं भोक, आरपार. पिनचं नाक कापलेलं. काडतूस धुतलेलं, कडेला भोक, बुडाला टोपी नाही. त्यानं लेखी दिलं – गोळी सुटू शकत नाही, दुरुस्त करूनही नाही.

मी विचारलं, साहेब, कड्याच्या खालच्या बाजूला रंग खरवडलात का? त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला काय सापडायचंय?" म्हटलं, दोन बाण. तो हसला. रॉकेलचा बोळा घेऊन सगळ्यांसमोर घासू लागला. आधी काळा थर गेला, मग आणखी काळा, मग तांबडा, मग पुन्हा काळा. एकेक दसरा निघत होता. शेवटी लोखंड दिसलं, आणि त्याच्यावर दोन छोटे बाण, टोकाला टोक लावून उभे. एक बाण म्हणजे माल सरकारचा. दोन बाण समोरासमोर म्हणजे सरकारनं तो रीतसर काढून टाकला. विकला म्हणा, दिला म्हणा. चोरीचा नाही!

मॅडमनी भिंग मागवलं, बघितलं, फोटो काढला. म्हणाल्या, 'लूमवाले, तुमचा कान आणि बोट दोन्ही बरे आहेत.' आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नाही, पहिला लूम स्वतःच्या नावावर झाला तेव्हाही नाही. बाकावरच बसलो.

पण दामूदादा! त्यांनी नळी हातात घेतली. भोकाला डोळा लावला, पलीकडची खिडकी बघितली. मला म्हणाले, या आठवड्यातलं पहिलं वाक्य, "कवायत म्हंजे लेफ्ट-राइट?"

"हो दादा."

"गोली कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

त्यांनी टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलत होते. मला वाटलं, आज्यासाठी रडतायत. म्हणून समजूत घालायला गेलो. म्हटलं, दादा, उलट बघा – तुमचा आजा त्या बांधावर होडीसमोर एकटा उभा राहिला, तो एका मेलेल्या बंदुकीवर. बार काढल्याचं गावानं नंतर जोडलं असेल. जिवंत बंदूक घेऊन कुणीही उभा राहील. मला स्वतःलाच ते वाक्य फार आवडलं.

दामूदादांनी हात हलवला. "आज्याचं ऱ्हाऊ दे. सुटलो, शेट. सुटलो. सुटलो." तीनदा म्हणाले. अजून मॅडमनी कागदावर सही केली नव्हती.

बाहेर आल्यावर म्हणाले, बंदूक परत मिळाली तर ती तुझ्या भिंतीला लाव, मना घरात नको. माझ्यातला संग्राहक आतल्या आत उडी मारून मोकळा झाला. लाज वाटली, पण उडी मारली.

कुमार फाटकाबाहेर रिक्षा थांबवून उभा होता. दोघे भाऊ मागच्या सीटवर चिकटून बसले आणि गेले.

जेवतो आता.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

शेडमध्ये पूजा. रंजितानं सहा रायफलींनाही कुंकू लावलं, म्हणाली, सातवीची जागा आत्ताच पुसून ठेवते. उलट्या एनपाशी जरा थांबली. 'ही एकटीच प्रामाणिक. खोटी आहे ते तोंडावर लिहिलंय.'

लागलं ते. फोटोचं अजून कुणाला सांगितलेलं नाही. दामूदादा सुटले म्हणून विषय मिटला, असं मनाला सांगतो. पण दर्शन अजून कुमारशी बोलत नाही. घरात सण, आणि तो कुमारला पाणीसुद्धा विचारत नाही म्हणे.

२६ ऑक्टोबर, रविवार

अंजूरला बारसं. पाटाची जागा रिकामी, भिंतीवर बंदुकीच्या खुंट्या तशाच. कुणी त्याबद्दल बोलेना, आणि न बोलण्याचा आवाज मला जास्त येतो. दर्शननं मला बाजूला घेऊन द ची अकरा नावं दाखवली होती, बाबांना जे आवडेल ते.

पाळण्याशी आत्या, म्हणजे दर्शनची बहीण भाग्यश्री. ती वाकणार एवढ्यात दामूदादा उठले. आजोबा बारशात बायकांमध्ये घुसत नाहीत, पण गेले. तिच्या कानाशी लागले. ती मागे सरली, बापाकडे बघत राहिली. मग वाकून बाळाच्या कानात बोलली. गलका होता, तरी मी पंधरा फुटांवरून ऐकलं.

कुणाल.

क! चार पिढ्यांत पहिल्यांदा. भाग्यश्रीनं मोठ्यानं सांगितल्यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग कुणीतरी गाणं उचललं. दिपिका खूश दिसली, तिची द मधून सुटका झाली. दामूदादांनी बाळाला उचललं आणि सरळ पायरीवर बसलेल्या कुमारच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "धर. तुज्या अक्षराचा हाय."

कुमारला धरता येईना.

मला वाटलं, बघा, शिक्का खोटा निघाला आणि घर मोकळं झालं. दोन अक्षरांनी बांधलेलं गाठोडं सुटलं. यात माझाही थोडा हात, असं वाटून घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. उद्या-परवा फोटोचं सांगून टाकतो. आता सांगायला जड नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तुळजावहिनी शेडवर आल्या, बारशाच्या लाडवांचा डबा घेऊन. आजवर दामूदादांच्या बायकोशी चार शब्दांपलीकडे बोललो नव्हतो. डबा हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. ग्रुप, फोटो, गावाचं नाव. म्हटलं, वहिनी, खबर माझ्यामुळे गेली, कुमारवर उगाच आळ आला.

त्या म्हणाल्या, "कनचा फोटो, भाऊ? पोलिसाला फोन मी केला."

मी शेडचं दार ओढून घेतलं.

आठ तारखेला वाटणीवरून भावाभावांची जुंपली. कुमार म्हणाला, तुझ्या बंदुकीला कोण भितो. दामूदादांनी ताटातलं काडतूस उचललं, आत घातलं आणि बंदूक त्याच्या छातीला लावली. वहिनी चुलीपाशी.

"त्यांनी वडला, भाऊ. घोडा वडला. टक् वाजलं. येवढंच वाजलं."